चेहऱ्याची चतुःसीमा

गोंदियाच्या कचेरीसमोर कडुनिंबाखाली मी अठ्ठेचाळीस साली अर्जनवीस म्हणून बसलो नी साठ साली उठलो. बारा वर्षांत हजारांनी कागद लिहिले असतील. लोकांच्या लक्षात राहिला तो एकच, आणि तोच मी सगळ्यात हुशारीनं लिहिला होता. आजही गोंदियाच्या बाजारात कोणी 'चतुःसीमा' म्हणून हाक मारली तर मी वळून पाहतो. बकाराम हे आईबापानं ठेवलेलं नाव फक्त मतदार यादीत उरलं आहे.

मी देवरीकडचा. आमच्या गावाला जंगलानं तीन बाजूंनी धरलेलं, चौथ्या बाजूला नाला. मी चौथी पास. आमच्याकडे तेव्हा चौथी पास म्हणजे मास्तराचा धाकटा भाऊच. शेतात माझं अंग कधी वाकलं नाही. बाप म्हणायचा, "याच्या हाती नांगर दिला त बैल हासतेत." म्हणून गोंदियाला आलो. कडुनिंबाखाली एक म्हातारा अर्जनवीस बसत होता, त्याचे डोळे गेले होते. त्याची जागा मी घेतली, आणि जागेबरोबर त्याची पत्र्याची पेटी. पेटीत नऊ जुने कागद होते: खरेदीखत, गहाणखत, बटईपत्र, फेरखत असे. नाव-गाव बदलायचं नी तसंच उतरवून काढायचं. नऊ कागदांत माणसाची सगळी भानगड बसते असा माझा समज होता. दुनियेत दहावा कागद असतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

कागद मी शुद्ध लिहायचो, बोलायचो मात्र आपली झाडीबोली. ती मी कोणासाठी सोडली नाही. पुण्याकडून बदलून आलेल्या एका साहेबानं मला विचारलं होतं, "काऊन म्हणजे काय हो?" मी म्हटलं, "साहेब, काऊन म्हणजे कायले." साहेब समाधानानं मान हलवत निघून गेला.

तर बावन्न सालची गोष्ट. दसऱ्याला आठ दिवस असतील. राईस मिलवाला चुन्नीलाल सेठ आणि घनश्याम फोटोवाला असे दोघे भांडत भांडत माझ्या झाडाखाली आले. घनश्यामचा स्टुडिओ म्हणजे टिनाच्या छपराची एक खोली. छपराला एका बाजूनं काच लावलेली, भिंतीवर रंगवलेला ताजमहाल, आणि तीन पायांवर उभा डबा. सेठला पुढच्या वर्षाचं कॅलेंडर काढायचं होतं. मिलच्या अंगणात धान पाखडणारी एक बाई त्याच्या नजरेत भरली. घनश्यामनं डबा तिथं नेऊन तिचा फोटू काढला. सूप हातात, पदर डोक्यावर, मागं तांदळाचा ढीग. फोटू नागपूरच्या छापखान्याकडे गेला आणि छापखान्याचं पत्र आलं: चित्रातल्या बाईची लेखी परवानगी पाठवा, आणि फोटो कोणाच्या मालकीचा तेही लेखी कळवा. त्याशिवाय छपाई होणार नाही.

"मालिक कौन, ये भी कोई पूछने की बात है?" सेठ म्हणाला. "पैसा मेरा, तो फोटू मेरा."

"वा सेठजी!" घनश्याम म्हणाला. "काच माजी, डबा माजा, लाल कंदिलात बसून डोरे फोडून घेतले ते माजे. तुमी पैशे देल्ले ते कागदाचे. काच काही देल्ली नाई मी तुमाले."

काच म्हणजे ज्या काचेवर फोटू उतरतो ती. कागदावर मग हवे तितके काढा, आई ती काच. गिऱ्हाइकाला कागद द्यायचा, काच आपल्याकडे ठेवायची, ही घनश्यामच्या धंद्याची रीत.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. 'मला माहीत नाही' हे तीन शब्द मी त्या दिवशी बोललो असतो तर आज माझं नाव बकाराम राहिलं असतं. पण माणूस झाडाखाली पेटी घेऊन बसला की त्याला सगळं माहीत असावं लागतं. मी पेटी उघडली, नऊ कागद चाळले आणि डोक्यात उजेड पडला. अरे, ही तर बटई! जमीन एकाची, बी दुसऱ्याचं. काच म्हणजे घनश्यामची जमीन, पैसा म्हणजे सेठचं बी, कॅलेंडर म्हणजे पीक. मी बटईपत्र उतरवून दिलं. पीक सेठनं न्यावं, जमीन घनश्यामकडे राहावी. दोघंही आपणच जिंकलो असं समजून सह्या करून मोकळे झाले. ज्या कागदात दोघंही जिंकतात त्याला आमच्या धंद्यात चांगला कागद म्हणतात.

उरली बाई. दुसऱ्या दिवशी सेठनं तिला मिलमधून पाठवलं. तिचं नाव रुख्मा. बिरसीजवळच्या खेड्यातली, नवरा गोवर्धन दोन वर्षांमागं तापानं गेलेला. चार एकर धानाची जमीन तिच्या नावावर, पोटी एक पोरगी. पेरणी-कापणी नसली की मिलमध्ये रोजी करायची. काखेत सूप घेऊनच आली. मिलचं सूप दाणे सांडवतं म्हणून स्वतःचं बाळगायची.

तिच्यासाठी मी पेटीतला सगळ्यात भारी कागद काढला, खरेदीखत. तयार करायला दोन तास लागले. इतका घाम मी माझ्या बापाच्या शेतात कधी गाळला नव्हता.

"आंगठा अठी मार, बाई," मी म्हटलं.

"आदी वाचून दाखव. माजा सासरा न वाचता आंगठा मारून धानाच्या दोन बांध्या घालवून बसला."

मी घसा साफ करून वाचलं. "लिहून घेणार सेठ चुन्नीलाल यांस, लिहून देणार रुख्माबाई. कारणे खरेदीखत लिहून देते ऐसे की, माझे मालकी वहिवाटीचा चेहरा नग एक, एक कट्टा कनकी व रोख पाच रुपये घेऊन तुम्हांस कायम खरेदी दिला असे. त्याची चतुःसीमा: पूर्वेस उजवा कान, पश्चिमेस डावा कान, उत्तरेस केस, दक्षिणेस हनुवटी. येणेप्रमाणे चतुःसीमापूर्वक चेहरा, त्यावरील झाडझाडोरा, विहीर, निधिनिक्षेपासह तुमचे स्वाधीन केला असे. तुम्ही व तुमचे वारसांनी त्याची वाटेल तशी लागवड करून उपभोग घ्यावा. माझी अगर माझे वारसांची हरकत राहिली नाही."

रुख्मा ऐकत राहिली. मग म्हणाली, "मी तोंड ईकून राहिली का?"

"नाई वो. फक्त छापाले देऊन राहिली."

"मंग ईकलं काऊन लिवलं?"

"कायद्याची भाषा आये ते."

"हनुवटीच्या खाली कोनाचं?"

"खाली काही नाई."

"खाली मी आवो ना, बह्याडा!" ती म्हणाली. "हात माजे आयेत, सूप माजं आये. ते ईकलं नाई मी. ते पक्कं ना?"

"पक्कं," मी म्हटलं. हसलोही थोडा. बायकांना कायद्यातलं काय समजतं, असं ते हसणं होतं. तिनं अंगठा मारला, कनकीचा, म्हणजे तुकडा तांदळाचा, कट्टा डोक्यावर घेतला नी गेली. एक नक्कल मी पेटीत ठेवली. काम इतकं सुबक झालं होतं की पुढं चार दिवस मी ती नक्कल काढून स्वतःशीच वाचत होतो.

जानेवारीत कॅलेंडर आलं. पानठेल्यावर, न्हाव्याकडे, बिडीच्या कारखान्यात, जिकडं तिकडं एकच बाई सूप घेऊन उभी. सेठनं मलाही एक दिलं, ते मी कडुनिंबाला खिळ्यानं ठोकलं. पानासुपारीच्या पिचकाऱ्या मारत रोज त्याच्याकडे पाहायचो आणि तारखा मोजायचो.

होळीच्या सुमारास सुखराम नावाचा एक माणूस आला. काखेत तेच कॅलेंडर गुंडाळलेलं. त्याच्या भावाची बायको विधवा असून तिनं दुसरं घर केलं, पाट लावला, असा अर्ज त्याला लिहून हवा होता. त्या काळचा कायदा असा की विधवेनं पाट लावला की पहिल्या नवऱ्याच्या शेतावरचा तिचा हक्क गेला. मग शेत कोणाकडे जाणार? भावाकडे, म्हणजे सुखरामकडे.

"पुरावा?" मी विचारलं.

त्यानं कॅलेंडर उलगडलं. "पाय ना गा. कपारावर कुकू केवडं आये! हातात हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत. राँड बाई कुकू लावते का?"

पुरावा मला फारच आवडला. कुंकू रुपयाएवढं होतं. मी फर्डा अर्ज लिहिला. 'सौभाग्यचिन्हे उघडपणे मिरवीत असून' असं एक वाक्य मला त्यात सुचलं, त्याचा आजही थोडा अभिमान आहे. रुख्मा हे नाव लिहिताना हात जरासा अडखळला. पण तालुक्यात रुख्मा नावाच्या पन्नास बाया, आणि कॅलेंडरातली बाई इतकी नटलेली की सेठनं दुसरीच कोणी छापली असं मी धरून चाललो होतो. आणि समोर झाडाला तीच बाई टांगलेली असून मला ओळखू आली नाही. मी तिच्या चेहऱ्याची चतुःसीमा लिहिली होती, चेहरा पाहिलाच नव्हता.

आठवड्यानं रुख्मा आली. नोटीस तिच्या हातात, सोबत सुखरामच्या अर्जाची नक्कल.

"हे कोनं लिवलं?"

मी अक्षर पाहिलं. नाकारावं तर माझ्यासारखा 'ळ' गोंदियात कोणी काढत नाही. "मी लिवलं," म्हटलं.

"ते बी तूनंच लिवलं, हे बी तूनंच?"

"बाई, जो येते त्याचा लिवतो मी. धंदाच तसा आये."

"वा रे धंदा! एकाच तोंडानं दोन्हीकडचं खातेस!"

ती मग कडुनिंबाकडे गेली आणि कॅलेंडरासमोर उभी राहिली. एकदा कॅलेंडराकडे, एकदा तिच्याकडे अशी माझी मान फिरत राहिली. खरी बाई उघड्या कपाळाची, हात मोकळे. चित्रातली बाई नवी नवरी.

"हे कुकू कोनं लावलं?" तिनं विचारलं.

आम्ही दोघं सेठकडे गेलो. सेठ म्हणाला, "अरे, नये साल का कॅलेंडर, सूना माथा कैसे चलेगा? मैंने छापखाने को लिखा, शुभ बना दो. उन्होंने बना दिया." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "और मुन्शी, तूने ही तो लिखा है. वाटेल तशी लागवड."

खरंच लिहिलं होतं. शेत विकल्यावर मालकानं त्यात धान लावो की तूर, विकणाऱ्यानं का बोलावं? सेठनं कपाळात कुंकू लावलं होतं. मी रुख्माच्या मागं मागं मान खाली घालून बाहेर आलो.

"शेत जाते का आता माजं?" तिनं विचारलं. आवाजात रडं नव्हतं. पाऊस पडते का, असं विचारावं तसं विचारलं. "पोरीले काय खाऊ घालू मंग? तुजी लागवड?"

मी म्हटलं, मोठा वकील करू, नागपूरला जाऊ. ती म्हणाली, "वकील कायले? तुजा कागद आन. आनि घनश्यामले काच घेऊन येवाले सांग."

तारखेला नायब तहसीलदारांच्या खोलीत गर्दी झाली. कॅलेंडरातली बाई येणार म्हणून पानठेलेवालेही आले होते. सुखरामनं कॅलेंडर टेबलावर पसरलं. साहेबानं पाहिलं, रुख्माकडे पाहिलं.

"ही तूच ना, बाई?"

"तोंड आये साहेब, पन माजं नाई. ईकलं मी."

साहेबानं चष्मा काढला. रुख्मानं माझी नक्कल पुढं सरकवली. साहेब मोठ्यानं वाचू लागला. 'चेहरा नग एक' ला मागून खोकला आला. 'पूर्वेस उजवा कान' ला एक पट्टेवाला भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. साहेब थांबला.

"हा कागद कोणी लिहिला?"

मी दाराच्या कडेला होतो. खोलीतल्या सगळ्यांनी एकदम वाट करून दिली, नको तेव्हा लोक फार शिस्तीत वागतात.

"झाडझाडोरा म्हणजे काय?" साहेबानं विचारलं.

"भुवया, साहेब."

"आणि विहीर?"

"डोळे असतील, साहेब."

"निधिनिक्षेप म्हणजे पुरलेलं धन. ते कुठं?"

"एखादा सोन्याचा दात असला तर..." मी म्हटलं. पुढचं कोणाला ऐकू गेलं नाही.

"आणि बाई वळून उभी राहिली तर पूर्व कुठं जाते?"

मी जागच्या जागी वळून पाहिलं.

हसणं ओसरल्यावर साहेबानं सुखरामचा अर्ज उचलला. "आणि हा? 'सौभाग्यचिन्हे उघडपणे मिरवीत असून.' हाही तूच का?" मी मान हलवली. साहेब म्हणाला, "सोयीचं आहे. म्हणजे एकाच माणसाला शिव्या दिल्या की काम झालं."

मग रुख्मा बोलली. "साहेब, कागदात का लिवलं? उत्तरेले केस, दक्षिनेले हनुवटी. कपार मदात आलं. कपार सेठचं झालं. त्या कपारावर कुकू लागलं असंन, त पाट माजा कसा लागला? कपाराच्या मालकाचा लागला. चुन्नीलाल सेठले बोलवा आनि विचारा, त्याचा नवरा कोन?"

खोलीचं छप्पर उडायचं बाकी राहिलं. पट्टेवाला भिंत सोडून खाली बसला. एक सुखराम तेवढा हसला नाही.

"अना बांगड्या?" तो ओरडला. "हात त नाई ईकले ना तूनं?"

"नाई ईकले. तेच सांगून राहिली मी." रुख्मानं दोन्ही बाह्या वर सारल्या आणि हात टेबलावर ठेवले. मनगटापासून कोपरापर्यंत हिरवंगार गोंदण. लहानपणी गोंदवलेलं, घासून जात नाही, उसनं मिळत नाही. "हे हात माजे. कलेंडरात गोंदन कोठी आये, दाखवा."

कॅलेंडरातले हात गोरे, गुळगुळीत, बांगड्यांनी भरलेले. गोंदणाचा ठिपका नाही.

साहेबानं घनश्यामकडे काच मागितली. घनश्यामनं ती पिशवीतून, लोकरीच्या फडक्यातून अशी काढली की जणू देव काढतो. साहेबानं ती खिडकीसमोर धरली. काचेवर सगळं उलटं असतं, काळं ते पांढरं. कपाळ एकसारखं सपाट, मध्ये काही नाही. हातावर गोंदणाच्या रेघा पांढऱ्या, मोजून घ्याव्यात इतक्या साफ.

"ज्या दिवशी फोटो काढला त्या दिवशी कुंकू नव्हतं, बांगड्या नव्हत्या," साहेब म्हणाला. "नंतर रंगवलं. सुखराम, पाट लागला तर पंच कोण होते? नवरा कोण? त्याचं नाव-गाव?"

सुखरामनं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. नवऱ्याचं नाव अर्जात घालायचं मला सुचलं नव्हतं. आयुष्यात माझ्या एका चुकीनं तेवढं भलं झालं.

अर्ज खारीज झाला. शेत रुख्माच्याच नावावर राहिलं. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "बाई, जिंकलो आपन." ती म्हणाली, "आपन? तू कोनाकडून होतास रे, मले अजून समजलं नाई."

त्या दिवसापासून सेठचं बाजारात फिरणं अवघड झालं. कोणी विचारायचं, "सेठजी, जीजाजी कैसे हैं?" कोणी विचारायचं, "हळदीले बोलावलं नाई आमाले?" आठ दिवसांत त्यानं दुकानांतली उरलेली कॅलेंडरं परत मागवली आणि धापा टाकत माझ्या झाडाखाली आला.

"मुन्शी, ये चेहरा वापस कर. आज के आज."

माझ्या पेटीत घेतलेलं परत करायचं फेरखत होतंच. रुख्माला बोलावलं. तिनं कनकी खाल्ली होती नी पाच रुपये खर्चले होते. ते मागायची सेठची हिंमत झाली नाही. मी बोरू टोकदार केला आणि लिहायला लागलो, "सदर चेहऱ्याची चतुःसीमा, पूर्वेस..."

तिनं कागदावर हात ठेवला. गोंदणाचा हात. "सीमा नको लिवू."

"मंग का लिवू?"

"रुख्माचं रुख्माले. एवडंच लिव."

मी लिहिलं. माझ्या बारा वर्षांतला सगळ्यात लहान कागद. पेटीत तो दहावा म्हणून ठेवला आणि त्यानंतर फोटूसाठी कोणी आलं की त्याच्यावरूनच उतरवायचो. काय छापणार ते लिहायचं, काय बदलणार नाही ते लिहायचं, आणि बाकीचं ज्याचं त्याला.

राहिली काच. बटईपत्रात मी पीक कोणाचं ते लिहिलं होतं, जमीन कोणाची ते लिहिलं होतं. तिसऱ्याच माणसाचं तोंड त्या जमिनीत अडकलं असेल तर काय, ते लिहिलं नव्हतं. रुख्मा काच मागायला गेली तेव्हा घनश्याम कागद नाचवत म्हणाला, "काच माजी. बकारामनं लिवलं आये."

"हव, तुजीच. पन काचेवरची मी माजी. ते खरवडून देतेस का काच देतेस?"

घनश्यामनं विचार केला. कोऱ्या काचेची किंमत काही फार नव्हती. त्यानं फडक्यासकट दिली.

तीनेक वर्षांनी मी बिरसीकडे एका वाटणीचा कागद लिहायला गेलो होतो, तेव्हा तिच्या घरावरून गेलो. तिनं बोलावलं. पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा उकडल्या होत्या, त्या दिल्या, मोजून दिल्यासारख्या. खात खात माझी नजर भिंतीतल्या दिव्याच्या कोनाड्याकडे गेली. वाऱ्यानं दिवा विझू नये म्हणून कोनाड्याला काच बसवली होती.

"तेच काच का?" मी विचारलं.

"मंग? गरम पान्यात टाकली, राखोंडीनं घासली. चांगली जाड आये."

मी जवळ जाऊन पाहिलं. चेहरा गेला होता, हात गेले होते, तांदळाचा ढीग गेला होता. एका कोपऱ्यात घासायची राहिलेली सुपाची कड तेवढी दिसत होती.

"हे सूप राहिलं," मी म्हटलं.

"राहू दे," रुख्मा म्हणाली. "त्याचा कागद तू कोठी लिवला नाईस, म्हनून राहिलं."